तीनशे एकावा ओटीपी

जूनचा दुसरा आठवडा. पाऊस नुकताच लागला होता. कॉलेजला सुट्टी होती, पण प्रोजेक्टची मुलं लॅबमध्ये येत होती. त्यातला एक, तिसरं वर्ष संपवलेला, दोन फोन घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, पाच मिनिटं आहेत का? दार लावून घेऊ?"

मी मुंबईतल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात नेटवर्क सिक्युरिटी शिकवते. त्याआधी आठ वर्षं कंपन्यांची ॲप्स आणि सर्व्हर तपासून देण्याचं काम केलं. त्या दिवशी त्याने जे दाखवलं त्यावर पुढचे चार महिने गेले. ते प्रकरण इथे लिहिते आहे. ॲपचं आणि कंपनीचं नाव देत नाही, कारण दुरुस्ती झालेली आहे आणि मला जे म्हणायचंय ते त्या एका कंपनीपुरतं नाही. विद्यार्थ्याचं नाव कुठे द्यायचं हे त्याने ठरवायचं, म्हणून तेही नाही.

ॲप मेसेजिंगचं. भारतीय कंपनी, ऑफिस अंधेरी पूर्वेला. 'एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड' (म्हणजे मेसेज फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येतो, मधल्या सर्व्हरला नाही) हे शब्द जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत. दवाखाने, हाउसिंग सोसायट्या, छोट्या सामाजिक संस्था ते वापरायच्या. जुन्या, स्वस्त फोनवर नीट चालायचं आणि मेनू मराठीत होता, हे त्यामागचं मुख्य कारण.

काय सापडलं

आधी जे बिघडलेलं नव्हतं ते सांगते, कारण पुढे सगळा वाद त्यावरूनच झाला. मेसेज कुलूपबंद करायची पद्धत चांगली होती. सिग्नल या मेसेजिंग ॲपने रूढ केलेली 'डबल रॅचेट' पद्धत, जी आज व्हॉट्सॲपसुद्धा वापरतं, तीच इथे होती. या पद्धतीत प्रत्येक मेसेजला नवी किल्ली लागते आणि एक किल्ली चोरीला गेली तरी मागचे मेसेज उघडत नाहीत. त्या गणितात माझ्या विद्यार्थ्याला काही सापडलं नव्हतं. त्याने तसा दावाही केला नाही.

त्याला सापडलं ते नव्या फोनवर खातं सुरू करताना. नंबर टाकला की चार आकडी ओटीपी यायचा आणि तो दहा मिनिटं चालायचा. चुकीचा आकडा टाकला की 'पुन्हा प्रयत्न करा'. कितीही वेळा चुका, तेवढंच उत्तर. चार आकड्यांचे एकूण पर्याय १०,०००. एखाद्या प्रोग्रॅमने सेकंदाला वीस आकडे टाकून पाहिले, तर साडेआठ मिनिटांच्या आत सगळे संपतात. म्हणजे ज्याचा नंबर माहीत आहे त्याचं खातं, त्याचा फोन हातात न घेता, ओटीपी जुना व्हायच्या आत दुसऱ्या फोनवर उघडता येत होतं.

दुसरी गोष्ट साधी दिसत होती. एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शनमध्ये किल्ल्या फोनमध्ये तयार होतात. तुम्ही नवा फोन घेतला की नवी किल्ली तयार होते आणि सर्व्हर ती तुमच्याशी बोलणाऱ्या सगळ्यांना वाटतो. आता ही नवी किल्ली खरंच तुमच्या फोनची आहे की तुमचं खातं पळवणाऱ्याची, हे समोरच्याला कळायचा एकच मार्ग असतो: किल्ली बदलली असं ॲपने त्याला सांगणं, म्हणजे तो फोन करून दोघांचे सुरक्षा क्रमांक (किल्ल्यांवरून तयार होणारे आकडे) ताडून पाहू शकेल. सिग्नल हे चॅटमध्येच दाखवतं. व्हॉट्सॲपमध्ये ती सूचना सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते. या ॲपमध्ये सूचनाच नव्हती. किल्ली बदलायची, मेसेज नव्या फोनवर जायला लागायचे, आणि पाठवणाऱ्याला पडद्यावर कालच्यासारखंच सगळं दिसायचं. आधी पाठवलेले पण न पोचलेले मेसेजही नव्या किल्लीने पुन्हा बांधून पाठवले जायचे.

हे सगळं त्याने स्वतःच्या दोन नंबरांवर करून पाहिलं होतं. मी पहिला प्रश्न विचारला तो हाच: दुसऱ्या कुणाच्या खात्याला हात लावलास का? नाही म्हणाला. दुसरा प्रश्न: दहा हजार वेळा सर्व्हरला धडका मारल्यास का? त्यावर त्याने जे उत्तर दिलं, तिथे मला त्याचा विश्वास वाटला. सेकंदाला एक अशा गतीने त्याने तीनशे चुकीचे आकडे टाकले होते आणि तीनशे एकाव्या वेळी, दुसऱ्या फोनवर आलेला खरा ओटीपी. ॲपने खातं उघडलं. "तीनशे चुकांनंतरही अडवत नाही एवढं कळलं की पुरे ना मॅडम. उरलेले नऊ हजार सातशे कशाला?"

बरोबर आहे. सिद्ध करायला जेवढं लागतं तेवढंच करायचं. सर्व्हर दुसऱ्याचा आहे, त्यावर त्या क्षणी इतर माणसं काम करत असतात.

त्याने स्क्रीनचा व्हिडिओ काढला होता. मित्रांच्या ग्रुपवर टाकायचा मोह झालाच होता, असं त्याने स्वतःच सांगितलं. त्याला मी २०१९ च्या जानेवारीतली फेसटाइमची, म्हणजे ॲपलच्या व्हिडिओ कॉलची, गोष्ट सांगितली. ग्रुप कॉलमधल्या एका चुकीमुळे समोरच्याने फोन उचलायच्या आधीच त्याचा आवाज ऐकू येत होता. अमेरिकेतल्या एका १४ वर्षांच्या मुलाला ते कळलं. त्याची आई ॲपलला कळवायचा प्रयत्न करत राहिली, पण योग्य माणसापर्यंत पोचायलाच दिवसांमागून दिवस गेले. मग ती युक्ती जगभर पसरली आणि ॲपलला ग्रुप फेसटाइम बंदच करून टाकावं लागलं. दुरुस्ती आली ७ फेब्रुवारीला. म्हणजे एकदा पसरलं की ते वापरणाऱ्यांमध्ये आणि वाईटावर असणाऱ्यांमध्ये शर्यत लागते, आणि वापरणाऱ्यांना शर्यत लागली आहे हेही माहीत नसतं.

ताई

ही गोष्ट मी एरवी तांत्रिक प्रकरण म्हणून विसरूनही गेले असते. पण परळला एक समुपदेशन केंद्र आहे. घरात मारहाण सोसणाऱ्या बायका तिथे येतात. ते चालवणाऱ्या ताईंना मी वीस वर्षं ओळखते. त्या आणि त्यांच्या कार्यकर्त्या याच ॲपवर बायकांशी बोलायच्या. कुठे भेटायचं, वकील कधी येणार, निवारागृहात जागा आहे का, सगळं यावरच.

विद्यार्थी मला ओटीपीचं गणित समजावत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे दुसरी त्रुटी होती. नवऱ्याला ओटीपी शोधायला दहा हजार आकडे कशाला लागतील? बायकोचा फोन तो हिसकावून घेतो, सिम काढतो, आपल्या फोनमध्ये घालतो, आणि ओटीपी त्याच्याच हातात येतो. ताईंच्या पडद्यावर काहीही बदलत नाही. त्या लिहितात, "उद्या अकरा वाजता, केईएमच्या समोर." वाचतो तो.

मग प्रश्न असा की ताईंना सांगायचं का. कंपनीला कळवायच्या आधी बाहेर बोलायचं नाही हा नियम मीच वर्गात शिकवते. आणि ताईंना सांगितलं की कार्यकर्त्यांना कळणार, त्या बायकांना सांगणार, कुणाच्या तरी फोनवरून ते भलत्याच्या कानी जाणार. मी चार दिवस गप्प राहिले. आज विचारलंत तर ते चार दिवस मला चुकीचे वाटतात. कारण दुसरा एक मार्ग होता आणि तो मला पाचव्या दिवशी लोकलमध्ये उभी असताना सुचला: त्रुटी सांगायची नाही, वागायचं कसं तेवढं सांगायचं.

त्या संध्याकाळी परळला उतरले. ताईंना म्हटलं, "कारण विचारू नका. काही आठवडे भेटीची जागा आणि वेळ ॲपवर लिहू नका. फोन करा, आवाज ओळखा, मग सांगा. आणि कुणी अचानक वेगळ्या ढंगात लिहायला लागली तर थांबा." ताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कारण कधी सांगशील?" म्हटलं, सांगता येईल त्या दिवशी सगळ्यात आधी तुम्हाला. त्यांनी वही काढून लिहून घेतलं.

पत्र

कंपनीच्या वेबसाइटवर सुरक्षेच्या तक्रारीसाठी पत्ता नव्हता. खरं तर यासाठी सोपी सोय आहे: 'सिक्युरिटी डॉट टीएक्सटी' नावाची एक छोटी फाइल वेबसाइटच्या ठरलेल्या जागी ठेवायची, तिच्यात संपर्काचा पत्ता आणि तो कधीपर्यंत ग्राह्य आहे ते लिहायचं. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याचं तपशीलवार वर्णन आरएफसी ९११६ या क्रमांकाने इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत प्रसिद्ध झालं. पाच ओळींचं काम. ते नसल्यामुळे आम्ही ग्राहकसेवेच्या ईमेलवर लिहिलं.

विद्यार्थ्याचा पहिला मसुदा असा सुरू होत होता: "तुमचं ॲप पूर्णपणे असुरक्षित आहे." मी तो खोडला. तसं नव्हतंच. २०१७ च्या जानेवारीत 'द गार्डियन'ने व्हॉट्सॲपमध्ये 'बॅकडोअर', म्हणजे चोरदरवाजा, असल्याची बातमी दिली होती. मूळ मुद्दा आमच्या दुसऱ्या त्रुटीच्या जातीचाच होता, किल्ली बदलल्यावर न पोचलेले मेसेज पुन्हा पाठवले जाण्याचा. पण 'बॅकडोअर' या शब्दाने घबराट पसरली. लोक घाबरून साध्या एसएमएसकडे वळतील, जिथे एन्क्रिप्शनच नाही, म्हणून अनेक सुरक्षातज्ज्ञांनी त्या वृत्तपत्राला जाहीर पत्र लिहिलं. पुढे वृत्तपत्राच्या वाचक-संपादकांनीही त्या बातमीत चुका असल्याचं मान्य केलं. मुद्दा खरा असून शब्द चुकला की असं होतं.

तर आमच्या पत्रात आधी काय सुरक्षित आहे ते आलं: जुने मेसेज उघडत नाहीत, एन्क्रिप्शन तुटलेलं नाही. मग दोन्ही त्रुटी वेगवेगळ्या, ॲपची आवृत्ती, फोनचं मॉडेल, पायरी-पायरीने कृती, आपण काय करून पाहिलं आणि मुद्दाम काय केलं नाही. मग दुरुस्तीची सूचना. शेवटी मुदत: ९० दिवसांनी किंवा दुरुस्ती झाल्यावर, जे आधी होईल तेव्हा, आम्ही हे प्रसिद्ध करू. हा ९० दिवसांचा आकडा गूगलच्या 'प्रोजेक्ट झिरो' या त्रुटी शोधणाऱ्या गटामुळे रूढ झाला आहे. पैशाचा उल्लेख कुठेही नव्हता. 'बक्षीस मिळेल का' हे पहिल्या पत्रात विचारलं की वाचणाऱ्याला ती खंडणी वाटू शकते, आणि मग त्रुटी बाजूला राहते. सविस्तर पुरावाही पहिल्या पत्राला जोडला नव्हता. ग्राहकसेवेचा ईमेल कितीजण वाचतात कुणास ठाऊक. सुरक्षित मार्ग द्या, पाठवतो, एवढं लिहिलं.

लगेच ठरावीक छापाचं उत्तर आलं, तक्रार क्रमांकासह. त्यानंतर नऊ दिवस काही नाही.

इथे माझी दुसरी चूक. मी थांबले. चार दिवस वाट पाहून मी सर्ट-इनला, म्हणजे सायबर घटना पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेला, कळवायला हवं होतं. त्याऐवजी पत्रानंतर अकराव्या दिवशी आम्ही लिंक्डइनवर कंपनीतल्या एका वरिष्ठ इंजिनीअरला शोधून दोन ओळी लिहिल्या. त्याने वाचलं आणि वर कळवलं. पण वरून ते गेलं वकिलाकडे. सोळाव्या दिवशी विद्यार्थ्याच्या काळाचौकीच्या घरी नोटीस पोचली: माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३ आणि ६६, विनापरवाना प्रवेश, सगळी माहिती नष्ट करा, लेखी हमी द्या.

वडील

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील कॉलेजात आले. ते धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात कारकून आहेत. नोटीस त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती, पावसात भिजू नये म्हणून.

मी त्यांना कलमं समजावली. ४३ म्हणजे मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं, माहिती काढणं, बिघाड करणं, त्यात नुकसानभरपाई. तेच काम लबाडीने किंवा फसवण्याच्या हेतूने केलं तर ६६. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमच्या मुलाचा हेतू तसा नव्हता, खाती त्याचीच होती, कळवलं त्यानेच. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, निकाल काय लागेल ते मला माहीत नाही. तारखा किती पडतील ते माहीत आहे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या कायद्यात चांगल्या हेतूने त्रुटी शोधणाऱ्याला स्पष्ट संरक्षण नाही. हेतू शुद्ध होता हे शेवटी न्यायालयातच सिद्ध होणार, आणि तोवर वीस वर्षांच्या मुलाची नोकरी, पासपोर्ट, सगळं टांगणीला. काही कंपन्या आपल्या धोरणातच लिहून देतात की या या मर्यादेत तपासणी केलीत तर आम्ही कारवाई करणार नाही. या कंपनीचं धोरणच नव्हतं. म्हणून मी आता विद्यार्थ्यांना सांगते: आधी धोरण शोधा, ते नसेल तर फक्त स्वतःच्या फोनमध्ये, स्वतःच्या खात्यांवर, आणि जे केलं त्याची तारीख-वेळेसह वही ठेवा. त्याच्याकडे ती वही होती. तीनशे एक ओळींची. तीच पुढे कामी आली.

वडिलांनी विचारलं, बीकेसीच्या सायबर पोलीस ठाण्यात आधीच जाऊन सांगून ठेवू का? मी नको म्हटलं. गुन्हा घडलेला नव्हता, तक्रार करणारा कुणी नव्हता. त्रुटीसाठी वेगळी संस्था आहे.

सर्ट-इन

अठराव्या दिवशी आम्ही सर्ट-इनला लिहिलं. ही केंद्र सरकारची यंत्रणा, २००४ पासून काम करते आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब नुसार सायबर घटनांसाठी देशाची अधिकृत संस्था आहे. त्रुटी शोधणारा आणि कंपनी यांच्यामध्ये समन्वय करणं हे तिच्या कामात येतं. २०२१ पासून तिला त्रुटींना सीव्हीई क्रमांक, म्हणजे जगभर चालणारा ओळख क्रमांक, देण्याचाही अधिकार आहे. आम्ही त्यांची सार्वजनिक किल्ली वापरून अहवाल फक्त त्यांनाच उघडेल असा एन्क्रिप्ट करून पाठवला, सोबत कंपनीशी झालेला सगळा पत्रव्यवहार आणि ती वही.

पोच आली, पाठोपाठ एक-दोन प्रश्न आले. आणि चोविसाव्या दिवशी कंपनीच्या तांत्रिक प्रमुखांचा मला फोन आला. आवाज थकलेला होता. "मॅडम, तुमचा पहिला मेल माझ्यापर्यंत आलाच नव्हता." मला ते खरं वाटलं. ग्राहकसेवेतल्या कुणीतरी तो 'लॉगिन अडचण' या रकान्यात टाकला होता. आम्ही नोटिशीबद्दल विचारलं. ते म्हणाले, बघतो. लेखी माघार यायला आणखी तीन आठवडे गेले. एका ओळीचा ईमेल होता. वडिलांनी त्याचे दोन प्रिंट काढून घेतले.

ओटीपीची दुरुस्ती दोन दिवसांत आली. विद्यार्थ्याने आता परवानगी घेऊन तपासली. पाच चुकांनंतर अडवत होतं. मग त्याने वायफाय बंद करून मोबाइल डेटा लावला आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली. त्यांनी मर्यादा इंटरनेट पत्त्यावर घातली होती, खात्यावर नाही. ही चूक नेहमी होते आणि ती दोन्हीकडून बाधते. हल्लेखोर पत्ता बदलत राहतो. आणि आपल्याकडे मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात, त्यामुळे एकाने पाच चुका केल्या की त्याच पत्त्यावरचे भलतेच लोक अडतात. मर्यादा त्या नंबरच्या ओटीपीवर हवी: पाच चुका, तो ओटीपी रद्द, आणि नव्या ओटीपीसाठी दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबायचं. एकतिसाव्या दिवशी तसं झालं. ओटीपीही सहा आकडी झाला.

त्यांनी मनापासून आभार मानले. या त्रुटीला 'गंभीर' असा दर्जा दिला. आणि दुसऱ्या त्रुटीसमोर लिहिलं: 'त्रुटी नाही, रचनाच तशी आहे.'

रचनाच तशी आहे

त्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. लोक फोन बदलतात, ॲप काढून पुन्हा टाकतात. दर वेळी समोरच्याला इशारा दाखवला तर लोक इशाऱ्यांना सरावतात आणि खऱ्या इशाऱ्याकडेही बघत नाहीत. व्हॉट्सॲपनेही ती सूचना आपणहून चालू ठेवलेली नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आणि आता ओटीपी पक्का झाल्यावर खातं पळवणार कोण?

याच वेळी २५ हजार रुपयांच्या बक्षिसाचा प्रस्ताव आला, सोबत गोपनीयता करार. सही केली की दोन्ही त्रुटींबद्दल कायम गप्प बसायचं. २५ हजार ही त्या घरासाठी मोठी रक्कम होती. मी त्याला काहीच सांगितलं नाही, फक्त करार घरी नेऊन वडिलांबरोबर वाच म्हटलं. तिसऱ्या दिवशी वडिलांच्या अक्षरातल्या खुणांसह कागद परत आला. 'कायम' या शब्दाभोवती गोल होता. त्याने कंपनीला कळवलं: दुरुस्तीपर्यंत किंवा ९० दिवसांपर्यंत गप्प राहतो, त्यासाठी पैसे नकोत; कायम गप्प राहणार नाही. बक्षिसाचा विषय तिथेच संपला.

पंचेचाळिसाव्या दिवशी आम्ही अंधेरीला त्यांच्या ऑफिसात गेलो. मी स्लाइड नेल्या नव्हत्या. त्यांना विचारलं, तुमच्या हिशोबात हल्लेखोर कोण असतो? ते म्हणाले, बाहेरचा कुणीतरी, दुसऱ्या शहरातला, दुसऱ्या देशातला. म्हटलं, समजा तो त्याच खोलीत राहतो. त्याच्या हातात सिम आहे. फोनचा पिन त्याला माहीत आहे, कारण न सांगितल्यास काय होतं ते तिला माहीत आहे. तुमचा सहा आकडी ओटीपी त्याच्याच हातात पडतो. त्या घरात पहिल्या त्रुटीला काही किंमत नाही, सगळा भार दुसरीवर आहे. पलीकडे जी बाई मेसेज लिहिते आहे, तिला थांबायचा इशारा देऊ शकेल असं जगात एकच कुणीतरी आहे, तुमचं ॲप.

केंद्राचं नाव मी घेतलं नाही. त्यांच्या टीममधली एक तरुण इंजिनीअर तोवर गप्प होती. ती म्हणाली, "सर, सूचना चॅटमध्येच एका ओळीची करू. पॉप-अप नको. आणि न पोचलेले मेसेज आपोआप पाठवायचे नाहीत, आधी विचारायचं." सरावण्याचा मुद्दाही तिने सोडवला: चॅटमध्ये ओळ कायम राहील, बंद करायचं बटण नाही, पण आवाज नाही आणि लाल रंगही नाही.

त्रुटी किती गंभीर हे ठरवायला सीव्हीएसएससारखी गुणांकनं आहेत आणि ती उपयोगी आहेत. पण आकडा काढताना आपण वापरणाऱ्या माणसाची एक सरासरी धरतो. परळच्या केंद्रात येणारी बाई त्या सरासरीत नसते. अहवाल लिहिणाऱ्याला ती दिसली असेल तर तिला त्या कागदावर आणणं हे त्याचंच काम आहे.

दुरुस्तीनंतर

गणपतीत, चौऱ्याऐंशीव्या दिवशी, त्यांनी आणखी दोन आठवडे मागितले. नवी आवृत्ती आधी थोड्या लोकांना देऊन बघायची होती. आम्ही दिले, प्रोजेक्ट झिरोच्या नियमातही दुरुस्ती अगदी जवळ आली असेल तर चौदा दिवसांची सवलत आहे. विसर्जन होऊन आठवडा उलटला होता तेव्हा, शहाण्णवाव्या दिवशी, आवृत्ती सगळ्यांना आली. बदलांच्या यादीत विद्यार्थ्याचं नाव होतं. नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, ते त्याने दुरुस्त करून घेतलं.

त्याच संध्याकाळी परळला गेले आणि ताईंना कारण सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "म्हणजे आता सगळ्यांच्या फोनमध्ये नीट झालं?" नव्हतं झालं. आवृत्ती येणं आणि ती फोनमध्ये उतरणं यात अंतर असतं. स्वस्त फोन, भरलेली मेमरी, महिन्याचा संपलेला डेटा. अनेकींच्या फोनमध्ये वर्षभरापूर्वीचं ॲप होतं. प्रोजेक्ट झिरोने २०२१ पासून दुरुस्तीनंतर आणखी ३० दिवस तांत्रिक तपशील राखून ठेवायला सुरुवात केली ती याचसाठी. आम्हीही तपशील राखून ठेवला. दर शनिवारी माझा विद्यार्थी आणि त्याचे दोन मित्र केंद्रात दाराबाहेरच्या बाकावर बसायचे. कार्यकर्त्या आतून फोन आणून द्यायच्या, हे जुने फोटो बाजूला काढून जागा करायचे, स्वतःच्या हॉटस्पॉटवरून ॲप अद्ययावत करायचे आणि फोन आत परत द्यायचे. कोणता फोन कुणाचा ते त्यांना कधी कळलं नाही. तसंच ठरलं होतं.

तीस दिवस झाल्यावर त्याने तपशीलवार लेख लिहिला. वडिलांनी छापण्याआधी वाचला.

नोव्हेंबरमध्ये ताईंकडे चहाला गेले होते. बोलता बोलता त्यांनी फोन पुढे केला आणि बोटाने एक ओळ दाखवली, फिकट राखाडी, सहज नजरेतून सुटेल अशी: 'या व्यक्तीचा सुरक्षा क्रमांक बदलला आहे.' पंधरा दिवसांत दोघींच्या चॅटमध्ये आली होती. दोन्ही वेळा त्यांनी मेसेज अर्धा सोडून फोन लावला. एकीला भावाने नवा फोन घेऊन दिला होता. दुसरीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही. भेटीची जागा त्या दिवशी बदलली, एवढंच त्यांनी सांगितलं.